हवेची वाट आणि पेट्रोलचा हिशोब: जुन्या इंजिनाला फ्युएल इंजेक्शनचा नवा इनटेक

कॉर्क शहरात ली नदीच्या काठी मरीना नावाचा भाग आहे. हेन्री फोर्डनं १९१७ साली तिथे कारखाना काढला. त्यात धंद्याचा हिशोब होता, तसा थोडा जिव्हाळाही होता. त्याचे वडील विल्यम १८४७ च्या दुष्काळात याच कॉर्क परगण्यातल्या बॅलिनास्कार्थी गावाहून अमेरिकेला गेले होते. मरीनाला आधी ट्रॅक्टर बनले. पुढे अनेक दशकं मोटारी बनल्या: कॉर्टिना, एस्कॉर्ट आणि अगदी शेवटी सिएरा. जुलै १९८४ मध्ये कारखाना बंद झाला.

एस्कॉर्ट मात्र आयर्लंडमधून गेली नाही. १९६८ ते १९८० मधल्या पहिल्या दोन पिढ्यांच्या, मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या एस्कॉर्ट इथे अजून जिवापाड जपल्या जातात. कॉर्कमधल्याच मिलस्ट्रीटच्या बिली कोलमननं १९७४ ची ब्रिटिश रॅली स्पर्धामालिका एस्कॉर्टमधूनच जिंकली होती. डोनेगल किंवा किलार्नीच्या रॅलीला आज गेलात, तरी डोंगरातल्या अरुंद रस्त्यावर तिरकी होत वळण घेणारी पन्नास वर्षांची एस्कॉर्ट दिसेल. तिचं बॉनेट उघडून बघितलंत तर बऱ्याचदा एक गोष्ट खटकेल. इंजिन जुनं आहे, पण कार्ब्युरेटरच्या जागी चार चकचकीत नळ्या, चार इंजेक्टर आणि बरीच वायर आहे.

हे नक्की काय केलंय, का केलंय आणि करायचं ठरवलं तर कुठे काय ठरवावं लागतं, ते या लेखात बघू. रेस दिल्यावर इंजिनाचा आवाज कसा चढतो ते पॉडकास्टमध्ये ऐकवता येतं. पण नळीच्या लांबीचं आणि इंजेक्टरच्या मापाचं गणित समोर लिहिलेलं असलं की बरं पडतं.

कार्ब्युरेटर: एकाच माणसाला चार कामं

पेट्रोल इंजिनाला हवा आणि पेट्रोल ठरावीक प्रमाणात लागतं. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनानं साधारण १४.७ पट हवा हवी. पूर्ण ताकद हवी असेल तर पेट्रोल थोडं जास्त द्यावं लागतं, १३ च्या जरा खाली. थंडीत सुरू करताना त्याहूनही जास्त. चोक ओढायचा तो यासाठीच.

कार्ब्युरेटर हे प्रमाण एका साध्या युक्तीनं राखतो. हवेच्या वाटेत एक अरुंद जागा असते. तिथे हवेचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो. त्या कमी दाबामुळे शेजारच्या छोट्या टाकीतलं पेट्रोल बारीक भोकातून वर खेचलं जातं आणि हवेत उडतं. जुन्या फवारणी पंपाचं तत्त्व हेच. हवा जास्त ओढली तर पेट्रोलही जास्त ओढलं जातं. वीज लागत नाही, कुठलं मोजमाप लागत नाही. शंभर वर्षं या युक्तीवर जग चाललं.

पण हवेची वाट इथे एकाच वेळी चार कामं करते आहे. ती हवा नेते, हवा मोजते, पेट्रोल ओढते आणि ते हवेत मिसळत ठेवते. या कामांच्या गरजा एकमेकींच्या विरुद्ध आहेत. हवा भरपूर जायला वाट रुंद हवी, पण पेट्रोल नीट ओढायला ती अरुंद हवी. पेट्रोलचे थेंब भिंतीवर बसू नयेत म्हणून मॅनिफोल्ड गरम हवा. म्हणून अनेक जुन्या मॅनिफोल्डमधून इंजिनाचं गरम पाणी फिरवलेलं असतं. पण गरम हवा विरळ असते, तिनं ताकद कमी होते. शिवाय एकच कार्ब्युरेटर मधोमध बसवला की आतल्या दोन सिलिंडरना वाट जवळची आणि बाहेरच्या दोघांना लांबची. मिक्स्चर सगळ्यांना सारखं पोचत नाही.

आयर्लंडची हवा यात आणखी भर घालते. पेट्रोल उडताना आजूबाजूची उष्णता शोषून घेतं. बाहेर पाच-सात अंश तापमान आणि हवेत भरपूर ओल असेल, तर कार्ब्युरेटरच्या गळ्यात चक्क बर्फ धरतो आणि गाडी मिसिंग करायला लागते. असं हवामान पुण्यात क्वचितच मिळेल, गॉलवेत वर्षातले कित्येक महिने मिळतं.

इंजेक्शननं केलेली वाटणी

फ्युएल इंजेक्शन म्हटलं की आपण पटकन कॉम्प्युटर डोळ्यांसमोर आणतो. पण खरा बदल त्याच्या आधी होतो. हवेचं काम आणि पेट्रोलचं काम वेगळं केलं जातं. पेट्रोल दाबाखाली वेगळ्या वाटेनं येतं आणि सिलिंडरच्या तोंडाशी फवारलं जातं. त्यामुळे हवेच्या वाटेला आता फक्त हवाच न्यायची असते. मॅनिफोल्ड कोरडा झाला. तो गरम ठेवायला नको, मुद्दाम अरुंद करायला नको. त्याला हवा तो आकार देता येतो. या लेखात पुढे जे काही येईल ते सगळं या एका वाटणीतून निघतं.

ही वाटणी कॉम्प्युटरशिवायही होते याचा पुरावा याच बेटावर आहे. बेलफास्टजवळच्या डनमरीत १९८१-८२ मध्ये डिलॉरियन मोटारी बनल्या, सगळ्या मिळून नऊ हजारांच्या आसपास. त्यांच्या सहा सिलिंडर इंजिनावर बॉशची के-जेट्रॉनिक यंत्रणा होती. हवेच्या झोतानं एक चकती उचलली जाते, चकती एक दांडा हलवते, आणि दांडा किती सरकला त्यावर पेट्रोल किती सोडायचं ते ठरतं. इंजेक्टर उघडझाप करत नाहीत, सतत फवारत राहतात. मोजमापाचा गाभा पूर्णपणे यांत्रिक.

आपल्याकडे ही वाटणी घरोघरी पोचली ती मारुतीच्या मागच्या काचेखाली ‘एमपीएफआय’ ही अक्षरं आली तेव्हा, म्हणजे २००० च्या आसपास. तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या लहानपणीच्या गाडीवर ती असतील. त्यांचा अर्थ एवढाच की प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा इंजेक्टर. दुचाक्यांना मात्र एप्रिल २०२० पर्यंत, बीएस-६ नियम येईपर्यंत वेळ लागला. तोवर स्कूटरचा चोक हा रोजच्या जगण्याचा भाग होता.

आता उदाहरणासाठी एक इंजिन डोळ्यांसमोर ठेवू: फोर्डचं दोन लिटरचं चार सिलिंडर इंजिन, ज्याला इथे ‘पिंटो’ म्हणतात. एस्कॉर्ट आरएस २००० मध्ये आणि मोठ्या कॉर्टिनामध्ये हेच होतं, वर वेबरचा दोन तोंडांचा कार्ब्युरेटर. पुढे सिएरामध्ये फोर्डनं स्वतःच याला इंजेक्शन दिलं, आणि सिएरा आरएस कॉसवर्थचं टर्बो इंजिनही याच ब्लॉकवर उभं राहिलं. म्हणजे या इंजिनाला इंजेक्शन परकं नाही.

नळी किती लांब?

पहिला निर्णय हवेच्या नळीच्या लांबीचा. हा सगळ्यात मजेदार भाग आहे, कारण इथे इंजिन एखाद्या वाद्यासारखं वागतं.

पिस्टन खाली जातो, हवा ओढतो, आणि कमी दाबाची एक लाट नळीतून बाहेरच्या तोंडाकडे धावते. उघड्या तोंडाशी पोचली की ती उलटी फिरते आणि परतताना जास्त दाबाची लाट होऊन येते. बासरीतला सूर अशाच लाटांच्या जाण्या-येण्यातून तयार होतो. इनटेक व्हॉल्व्ह बंद व्हायच्या आधी ही दाबाची लाट सिलिंडरपाशी पोचली, तर ती जाता जाता थोडी जास्त हवा आत ढकलते. फुकटची ताकद.

आकडे घालून बघू. व्हॉल्व्हपासून तोंडापर्यंत ३५ सेंटीमीटर. जाऊन-येऊन ७० सेंटीमीटर. लाट आवाजाच्या वेगानं, म्हणजे सेकंदाला साधारण ३४० मीटर वेगानं धावते, म्हणून तिला दोन मिलिसेकंदांपेक्षा जरा जास्त वेळ लागतो. ६,००० आरपीएमला तेवढ्या वेळात क्रँक साधारण ७५ अंश फिरतो. ३,००० आरपीएमला मात्र जेमतेम ३७ अंश. लाटेला लागणारा वेळ तोच राहतो, इंजिनाचा वेळ बदलतो. म्हणून एका लांबीचा फायदा आरपीएमच्या एका पट्ट्यातच मिळतो. लांब नळी खालच्या आरपीएमला साथ देते, आखूड नळी वरच्या.

म्हणून पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा: गाडी कुठे चालवणार? रॅलीच्या गाडीचं इंजिन सतत वरच्या पट्ट्यात घुमत असतं, तिला आखूड नळी चालते. रविवारी केरीच्या किनाऱ्यानं फिरायचं असेल, ट्रॅक्टरच्या मागे दोन मैल रांगत जायचं असेल, तर लांब नळीच बरी. रेसिंगच्या फोटोत आखूड नळ्या दिसतात म्हणून त्याच लावल्या, तर खालचा पिकअप जातो आणि मिळालेला वरचा फायदा कधी वापरातच येत नाही.

एक थ्रॉटल की चार?

दुसरा निर्णय थ्रॉटलचा. थ्रॉटल म्हणजे नळीत फिरणारी चकती, अॅक्सिलरेटर दाबला की ती उघडते. दोन रचना होऊ शकतात.

पहिलीत एकच थ्रॉटल असतो, त्यामागे हवेची एक पेटी, आणि पेटीतून चार नळ्या निघतात. या पेटीला प्लेनम म्हणतात. तिचं आकारमान निदान इंजिनाएवढं तरी असावं असा ढोबळ नियम आहे, म्हणजे आपल्या इंजिनाला दोन लिटर किंवा थोडं जास्त. पेटीतला दाब स्थिर असतो, म्हणून तो मोजून इंजिनात किती हवा जाते ते चांगलं कळतं. नव्या गाड्यांत बहुतेक हीच रचना असते.

दुसरीत प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा थ्रॉटल. थ्रॉटल आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये हवेचा साठा अगदी थोडा असतो, त्यामुळे पाय हलला की इंजिन लगेच उत्तर देतं. तो खरखरीत, घसा मोकळा करून ओरडल्यासारखा आवाजही याच रचनेचा. जुन्या इंजिनांवर लोक ही निवडतात त्याला आणखी एक कारण आहे. ती दिसायला जुन्या काळच्या जोड-कार्ब्युरेटरसारखी दिसते.

त्याची किंमत मात्र मोजावी लागते. चारही चकत्या एकाच वेळी, अगदी सारख्या उघडल्या पाहिजेत. इंजिन आयडलवर असताना प्रत्येक तोंडातून जाणारी हवा मोजून त्या जुळवाव्या लागतात, आणि मध्ये मध्ये पुन्हा तपासाव्या लागतात. आतला दाब प्रत्येक ओढीला उसळ्या मारतो, त्यामुळे दाबावरून हवा मोजणं अवघड होतं. मग बरेच जण दाबाऐवजी थ्रॉटलचा कोन आणि आरपीएम यांवरून पेट्रोल ठरवतात. यात एक मेख आहे. चकती बंदच्या जवळ असताना कोन दोन अंशांनी बदलला तरी हवा खूप बदलते, आणि अर्ध्याच्या पुढे वीस अंशांनी बदलला तरी फारशी बदलत नाही. म्हणून खालच्या कोनांचे आकडे दाट लिहावे लागतात.

आणि एक गोष्ट कधीच विसरायची नाही: ब्रेक. ज्या गाडीच्या ब्रेकला सर्वो आहे, तिचा सर्वो मॅनिफोल्डमधल्या कमी दाबावर चालतो. चार सुट्या थ्रॉटलच्या रचनेत एकाच नळीतून तो घेतला तर अपुरा पडू शकतो. चारही नळ्यांतून बारीक वाटा काढून त्या एकत्र जोडायच्या आणि वाटेत एकाच दिशेनं उघडणारा व्हॉल्व्ह लावायचा. इंजिनाचं काम करताना ब्रेक बिघडवून ठेवला, तर बाकी सगळं फुकट आहे.

मॅनिफोल्ड घडवताना

प्रत्यक्ष काम बरंचसं लोहारकामासारखंच आहे, फक्त माप बारीक. दहा-बारा मिलिमीटर जाडीच्या अॅल्युमिनियमच्या पट्टीतून फ्लँज कापतात, म्हणजे सिलिंडर हेडला बोल्टनं बसणारा तळ. गॅस्केट ठेवून त्यावर भोकं आखायची. पण गॅस्केटवर आंधळा विश्वास नको, हेडमधल्या खऱ्या तोंडांशी ती ताडून बघायची. हवेच्या वाटेत नखाला जाणवेल एवढी पायरी राहिली, तरी हवा तिथे अडखळते.

मग नळ्या टिग वेल्डिंगनं जोडायच्या. अॅल्युमिनियम तापलं की वाकतं, म्हणून वेल्डिंग करताना फ्लँज जाड पोलादी पट्टीला किंवा एखाद्या जुन्या निकामी हेडला घट्ट बोल्ट करून ठेवतात. तरी थोडी वाकतेच. वेल्डिंग झाल्यावर तिचा तळ मशीनवर पुन्हा सपाट करून घ्यायचा. हे टाळलं की गॅस्केटमधून चोरून हवा आत येते. अशी न मोजलेली हवा आयडलला सगळ्यात जास्त त्रास देते, आणि शोधायला सगळ्यात अवघड असते.

थ्री-डी प्रिंटर हाताशी असेल तर आधी प्लॅस्टिकचा नमुना छापून गाडीत बसवून बघावा. बॉनेट लागतं का, ब्रेकच्या भागांना घासतं का, बोल्टपर्यंत पाना पोचतो का. इंजिन रबरी माउंटवर डुलतं हे धरून सगळीकडे दोनेक सेंटीमीटर मोकळे ठेवायचे. नेहमीच्या पीएलए प्लॅस्टिकचा नमुना मात्र मापापुरताच वापरायचा. साठ अंशांच्या आसपास ते मऊ पडतं, आणि बॉनेटखाली तेवढी उष्णता सहज असते.

इंजेक्टर कुठे बसवायचा? व्हॉल्व्हच्या जवळ, त्याच्या पाठीवर नेम धरून बसवला, तर थंड इंजिन चांगलं सुरू होतं आणि आयडल शांत राहतं. नळीच्या तोंडाजवळ बसवला तर पेट्रोलला उडायला जास्त वेळ मिळतो, वरच्या आरपीएमला थोडी ताकद वाढते, पण खाली गाडी कुरकुरते. रस्त्यावरच्या गाडीला जवळची जागाच बरी.

इंजेक्टर केवढा?

इथे अंदाजानं चालत नाही, गणित करायचं.

आपल्या इंजिनाचा एक सिलिंडर अर्ध्या लिटरचा. ६,००० आरपीएमला तो सेकंदाला ५० वेळा हवा ओढतो, म्हणजे दर २० मिलिसेकंदांनी एकदा. तो ८५ टक्के भरतो असं धरू. एक लिटर हवेचं वजन १.२ ग्रॅम धरलं, तर एका ओढीत सुमारे ०.५१ ग्रॅम हवा येते. पूर्ण ताकदीला १२.८ भाग हवेला एक भाग पेट्रोल, म्हणजे ०.०४ ग्रॅम पेट्रोल. मिनिटाला हे १६० मिलिलिटर होतं. इंजेक्टर एकूण वेळाच्या ८० टक्क्यांपेक्षा जास्त उघडा राहू नये असं धरलं, तर मिनिटाला २०० मिलिलिटर सोडणारा इंजेक्टर पुरतो. पुढे कॅम बदलायचा असेल तर थोडा मोठा घ्यावा.

मग सरळ ६०० मिलिलिटरचाच का घेऊ नये? आयडलमुळे. ८०० आरपीएमला २०० चा इंजेक्टर प्रत्येक वेळी साधारण साडेपाच मिलिसेकंद फवारतो. ६०० चा इंजेक्टर तेच काम दोन मिलिसेकंदांच्या आत उरकतो. इंजेक्टरला नुसतं उघडायलाच एक मिलिसेकंदाच्या आसपास लागतो, आणि बॅटरीचा व्होल्टेज घसरला की तो वेळ आणखी बदलतो. छोट्या फवाऱ्यात ही चूक प्रमाणानं मोठी होते. ताटात वाढायचं मीठ फावड्यानं मोजल्यासारखं ते होईल.

तीन बारचं पेट्रोल

कार्ब्युरेटरचा यांत्रिक पंप पेट्रोल अगदी हलक्या दाबानं देतो, एका बारच्या पाव-तिसऱ्या हिश्शानं. इंजेक्शनला साधारण तीन बार लागतात, म्हणजे दहापट. जुनी रबरी नळी आणि जुने क्लिप तो दाब धरायला बनलेलेच नाहीत. गळती झाली तर थेंब पडत नाही, बारीक फवारा उडतो, आणि बाजूला तापलेला एक्झॉस्ट असतो. गाडी पेटायला एवढं पुरतं.

म्हणून टाकीपासून इंजिनापर्यंत इंजेक्शनच्या दाबाची आणि इथेनॉल सोसणारी नळी नव्यानं टाकायची. परतीची वेगळी नळी आणि दाब राखणारा रेग्युलेटर हवा. जुन्या टाकीत आत आडव्या भिंती नसतील, तर वळणावर पेट्रोल एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो. मध्ये एक छोटी टाकी ठेवली की हा प्रश्न सुटतो. आणि दोन गोष्टी सक्तीच्या समजायच्या: इंजिन फिरायचं थांबलं की पंपाची वीज आपोआप तुटली पाहिजे, आणि धक्का बसला की पंप बंद करणारा स्विच हवा. अपघातात गाडी उलटली आणि पंप चालूच राहिला, तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

मेंदूला काय सांगायचं?

ईसीयू, म्हणजे हे सगळं चालवणारा छोटा कॉम्प्युटर, खूप हुशार नसतो. त्याला इंजिनाची स्थिती कळावी लागते. क्रँकवर दात असलेलं चाक बसवतात. फोर्डची जुनी पद्धत ३६ दातांतला एक काढून टाकायची. दर दात १० अंशांचा, आणि गाळलेला दात म्हणजे मैलाचा दगड. सेन्सर हे दात मोजतो. शिवाय थ्रॉटलचा कोन, मॅनिफोल्डमधला दाब, पाण्याचं आणि हवेचं तापमान. मेगास्क्वर्ट किंवा मुक्त स्रोत असलेलं स्पीडुइनो यांसारखे ईसीयू हौशी लोक स्वतः जोडतात.

मग भरायचा तक्ता. एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला भार. सोळा गुणिले सोळाचा तक्ता असेल तर २५६ खाने, आणि प्रत्येकात त्या स्थितीत किती पेट्रोल द्यायचं याचा आकडा. कार्ब्युरेटरमध्ये दोन-तीन जेट आणि एक-दोन स्क्रू असायचे. इथे प्रत्येक खाना वेगळा ठरवता येतो, आणि ठरवावाही लागतो.

तो बरोबर ठरला की नाही, हे एक्झॉस्टमधला वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर सांगतो. तो लॅम्डा नावाचा आकडा देतो. लॅम्डा एक म्हणजे हवा आणि पेट्रोल दोन्ही पुरेपूर संपले. सावकाश चालवताना एकच्या आसपास, पूर्ण ताकदीला ०.८७ च्या जवळपास. एकदम पाय दाबल्यावरचं जास्तीचं पेट्रोल आणि थंड इंजिनाची सुरुवात हे दोन भाग सगळ्यात जास्त दिवस खातात. थंड सुरुवात तर दिवसातून एकदाच तपासता येते, कारण त्यानंतर इंजिन गरम झालेलं असतं.

इथे इथेनॉलचा विषय येतो. जुलै २०२३ पासून आयर्लंडमध्ये नेहमीचं पेट्रोल ई-१० झालं, म्हणजे त्यात दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल. भारतात हे प्रमाण २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर पोचलं. आपल्याकडची ती चर्चा सोलापूर-कोल्हापूरच्या उसापर्यंत जाते, म्हणून तुमच्या घरच्या फोनवरही ती झाली असेल. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, वजनानं नऊ पटच. त्यामुळे ई-१० ला १४.७ ऐवजी साधारण १४.१ पट आणि ई-२० ला १३.५ च्या आसपास हवा पुरते. कार्ब्युरेटरला पेट्रोल बदललेलं कळत नाही. तो पूर्वीइतकंच देत राहतो, आणि मिक्स्चर ई-१० मध्ये चार टक्क्यांनी, ई-२० मध्ये आठेक टक्क्यांनी पातळ होतं. लॅम्डा मोजणाऱ्या ईसीयूला मात्र फरक लगेच दिसतो, कारण लॅम्डा इंधनाच्या नावावर अवलंबून नाही.

पण खरं सांगायचं तर केवळ ई-१० साठी इंजेक्शन बसवायची गरज नाही. जेट थोडा मोठा केला, रबरी नळ्या बदलल्या आणि टाकीत पाणी साठू दिलं नाही तर कार्ब्युरेटरचंही भागतं. कुणी ‘आता इंजेक्शनशिवाय जुनी गाडी चालणारच नाही’ असं सांगत असेल, तर तो काहीतरी विकत असण्याची शक्यता जास्त.

मग गाडी जुनी राहिली का?

हा प्रश्न गणितानं सुटत नाही. जुन्या वाहनांच्या फिव्हा या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या व्याख्येत ऐतिहासिक वाहन निदान तीस वर्षांचं असावं लागतं, आणि ते इतिहासाला धरून राखलेलं असावं लागतं. आयर्लंडचा रस्ता-कर मात्र वय बघतो: तीस वर्षं झाली की वर्षाला ५६ युरो. कर भरणाऱ्याच्या लेखी दोन्ही एस्कॉर्ट सारख्याच. इतिहास जपणाऱ्याच्या लेखी नाहीत. विमा कंपनीच्या लेखीही नाहीत, म्हणून बदल केला की तिला कळवायचं. न कळवलेला बदल अपघातानंतर सापडला तर दावा अडकू शकतो.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. कार्ब्युरेटर हा त्या काळातल्या माणसांच्या विचाराचा नमुना आहे. वीज नाही, सेन्सर नाही, तरी त्यांनी हवेलाच मोजायला लावलं. ते काढून फेकून दिलं तर एक उत्तर हरवतं. दुसरीकडे, सुरूच होत नाही म्हणून शेडमध्ये गंजणारी गाडी काही इतिहास जपत नाही. मुंबईकरांना हे वेगळ्या प्रकारे माहीत आहे. वालचंद हिराचंदांच्या कंपनीनं कुर्ल्याला घडवलेल्या पद्मिनी दशकानुदशकं चालल्या त्या रोज वापरल्या गेल्या म्हणून, आणि प्रत्येक नाक्यावरच्या मेकॅनिकनं हाताला येईल ते लावून त्या चालत्या ठेवल्या म्हणून. त्यांत ‘ओरिजिनल’ किती उरलं होतं, हे कुणी विचारलं नाही. ऑक्टोबर २०२३ अखेर वयोमर्यादेमुळे शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तेव्हा लोकांनी निरोप दिला तो त्या चालत्या गाडीला.

मधली वाट आहे, आणि ती मॅनिफोल्डच्या रचनेतच ठरते. नवा मॅनिफोल्ड हेडच्या मूळच्याच बोल्टवर बसवायचा. हेडला नवं भोक पाडायचं नाही, बॉडी कापायची नाही. वायरिंग वेगळं ठेवायचं, म्हणजे ते एका दिवसात काढता येईल. जुना कार्ब्युरेटर आणि त्याचा मॅनिफोल्ड तेल लावून, नाव लिहून खोक्यात ठेवायचा. पुढच्या मालकाला परत जायचं असेल तर त्याला जाता आलं पाहिजे.

आणि करायचंच ठरलं, तर पहिला खर्च थ्रॉटलवर करू नका. वाइडबँड सेन्सर घ्या, आहे त्याच कार्ब्युरेटरवर लावा आणि महिनाभर गाडी चालवा: पावसात, चढावर, थंड सकाळी. मिक्स्चर कुठे पातळ होतं, कुठे गाढं होतं, ते लिहून काढा. बऱ्याच जणांना या टप्प्यावर कळतं की जेट बदलून आणि आतली घाण काढून आपलं काम झालं. ज्यांचं होत नाही, त्यांच्या हातात तक्ता भरायला लागणारी पहिली माहिती आलेली असते, आणि सेन्सर तर पुढेही लागणारच असतो.